विशेषणं सोडा, क्रियापदं धरा

कासच्या वाटेवर होमस्टे चालवणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: "सर, आमच्या जागेची माहिती मी इंग्रजीत लिहिते, पण सगळीकडे ‘व्हेरी नाइस’, ‘व्हेरी ब्युटिफुल’, ‘व्हेरी टेस्टी’ एवढंच येतं. पाहुण्यांशी बोलतानाही तेच. शिक्षण मराठी माध्यमातून झालंय. रोज दहा शब्द पाठ करायचा नेम दोनदा धरला, दोन्ही वेळा महिन्याभरात सुटला. वर्णनाचे चांगले शब्द वाढवायचे तरी कसे?"

ताई, नेम सुटला ते बरंच झालं. साताऱ्यात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यातली पहिली सात-आठ वर्षं मीही पोरांना फळ्यावर रोज दहा शब्द लिहून देत होतो. त्या काळातलं एक वाक्य अजून आठवतं. निबंधाचा विषय ‘माझे आजोबा’ आणि एका पोरानं लिहिलेलं, ‘माय ग्रँडफादर इज युबिक्विटस’. आजोबांचा पांडुरंगच केला होता त्यानं. मी हसून विचारलं तर म्हणतो, "सर, खरंच आहेत. पारावर असतात, सोसायटीत असतात, देवळात असतात, चहाच्या टपरीवर पण असतात." अर्थ त्यानं अचूक पाठ केला होता: सर्वत्र आढळणारा. फक्त तो शब्द कुणाच्या शेजारी बसतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मोबाइल, प्लास्टिकच्या पिशव्या, पुढाऱ्यांचे फलक, यांच्या शेजारी तो शोभतो. आजोबांना लावला की गंमत होते. चूक पोराची नव्हती. शब्द एकटा दिला तो मी.

तुमची अडचण मात्र याहून वेगळी आहे. ‘व्हेरी नाइस’ला पर्याय म्हणून तुम्ही दुसरं विशेषण शोधताय. ‘ब्युटिफुल’ नको तर ‘गॉर्जियस’, तेही नको तर ‘ब्रेथटेकिंग’. आपण मराठी माणसं बहुतेक जण इथंच खणत बसतो आणि पाणी दुसरीकडेच असतं. ते का, हे नीट समजून घ्या. एवढं कळलं की निम्मं काम झालं.

आपल्याकडे पाऊस भुरभुर पडतो, रिपरिप पडतो, टपटप पडतो, धो धो पडतो, पत्र्यावर ताडताड पडतो. पाचही वेळा क्रियापद एकच: पडतो. पाऊस कसा आहे ते सगळं त्याच्या आधीच्या नादाच्या शब्दात भरलेलं. इंग्रजी उलटं करतं. तिथं तो नाद, तो वेग, तो जोर क्रियापदच गिळून टाकतं. भुरभुर पडला की ‘ड्रिझल’. पानांवर टपटप वाजला की ‘पॅटर’. धो धो कोसळला की ‘पोर’. वाऱ्यासकट खिडकीवर झोडपला की ‘लॅश’. पत्र्यावर ताडताड वाजला की ‘ड्रम’, म्हणजे पाऊस चक्क ढोल बडवतो. ‘द रेन ड्रम्ड ऑन द टिन रूफ’ या वाक्यात एकही विशेषण धड नाही. ‘टिन’ आहे, ते पत्र्याचं नाव. तरी तुमच्या पडवीचा आवाज त्यात ऐकू येतो.

रिपरिपीला मात्र इंग्रजीत एका शब्दाचं उत्तर माझ्याकडे नाही. त्यातला वैताग ‘ड्रिझल’मध्ये उतरत नाही. ‘इट ड्रिझल्ड ऑन अँड ऑन’ म्हणून वेळ मारून न्यावी लागते. असे शब्द निघतील, तिथं अडून बसू नका.

चालण्याचंही तसंच. आपण लंगडत चालतो, रमतगमत चालतो, पाय ओढत चालतो, झोकांड्या खात चालतो. इंग्रजीत अनुक्रमे ‘लिंप’, ‘स्ट्रोल’, ‘शफल’, ‘स्टॅगर’. सज्जनगडाच्या पायऱ्या दमून, एकेक पाऊल जड करत चढणारा माणूस ‘ट्रज’ करतो. ‘ही वॉक्ड व्हेरी स्लोली अँड टायर्डली’ हे वाक्य मी वह्यांमध्ये किती वेळा खोडलंय त्याची गणती नाही. तिथं ‘ही ट्रज्ड अप द स्टेप्स’ एवढं पुरतं.

तुमच्या घरात कुणी क्रिकेट बघत असेल तर इंग्रजी समालोचन लावायला सांगा. मी चेष्टा करत नाही. समालोचक चेंडू ‘मारला’ असं क्वचितच म्हणतो. हलकेच ढकलला तर ‘नज्ड’, मनगटानं वळवला तर ‘फ्लिक्ड’, कट केला, ‘गाइड’ केला, जोरात हाणला तर ‘थंप्ड’ नाहीतर ‘स्मॅश्ड’. एका षटकात सहा चेंडू आणि कधी कधी सहा वेगळी क्रियापदं. शिवाय डोळ्यांसमोर चित्र असतंच, त्यामुळे अर्थ पाहायला शब्दकोश लागत नाही. आमच्या शाळेतली जी पोरं अभ्यासात मागं आणि मॅचमध्ये पुढं असायची, त्यांना हे शब्द मी न शिकवता येत होते. फक्त हेही इंग्रजीच आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आता तुमच्या अंगणातून सुरुवात करू. पावसाळ्यात तुमच्याकडे सगळ्यात जास्त काय? धुकं. त्याची इंग्रजी क्रियापदं बघा. दरीतून लोळत वर येतं ते ‘रोल्स इन’. वाऱ्यावर अलगद तरंगत जातं ते ‘ड्रिफ्ट्स’. झाडांना चिकटून राहतं ते ‘क्लिंग्ज’. आणि विरतं तेव्हा इंग्रजीत ते उचललं जातं: ‘द फॉग लिफ्ट्स’. हे शेवटचं मराठीतून विचार करून कधीच सुचणार नाही. म्हणून ते ऐकूनच घ्यावं लागतं, आणि जोडीनंच घ्यावं लागतं. धुक्याला विशेषण लावायचंच तर ‘थिक’ किंवा ‘डेन्स’. पाऊस ‘हेवी’, वारा ‘स्ट्राँग’, चढ ‘स्टीप’. चहा ‘स्ट्राँग’ असतो, ‘पॉवरफुल’ नसतो. का, असं विचारू नका. आपण तरी ‘घनदाट जंगल’ म्हणतो आणि ‘घनदाट गर्दी’ म्हणत नाही, त्याचं कारण कुठं सांगता येतं? शब्दांचीही सोयरीक असते, ती आधीच ठरलेली असते.

ठोसेघरचा धबधबा तुम्ही पाहुण्यांना सांगतच असणार. ऑगस्टमध्ये तो ‘प्लंजेस’, म्हणजे सरळ दरीत झेप घेतो, आणि ‘थंडर्स’. दिवाळीनंतर तोच ‘ट्रिकल’ करायला लागतो. ही तीन क्रियापदं पाहुण्याला सांगितलीत तर कोणत्या महिन्यात यायचं ते त्याचं तोच ठरवेल. ‘व्हेरी ब्युटिफुल वॉटरफॉल’ बाराही महिने एकसारखाच वाटतो, आणि मे महिन्यात आलेला पाहुणा मग तुमच्यावर चिडतो. चाळकेवाडीच्या पवनचक्क्या ‘हम’ करतात की ‘वूश’ करतात, ते तुम्ही खाली उभं राहून ऐका आणि ठरवा. मला विचाराल तर जवळून ‘वूश’, लांबून ‘हम’.

उजेडाचा एक लहानसा संसार सांगतो, कारण तो मला फार आवडतो. इंग्रजीत ‘ग्ल’नं सुरू होणारे किती तरी शब्द प्रकाशाचे आहेत: ‘ग्लो’, ‘ग्लीम’, ‘ग्लिटर’, ‘ग्लिंट’, ‘ग्लिमर’, ‘ग्लेअर’. चुलीतला निखारा ‘ग्लो’ करतो. घासलेलं पितळेचं पातेलं ‘ग्लीम’ करतं. उन्हात विळ्याची धार क्षणभर चमकते ते ‘ग्लिंट’. दूरवर मिणमिणणारा दिवा ‘ग्लिमर’. समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपतात तो ‘ग्लेअर’. आपल्याकडे हेच काम लुकलुक, लखलख, चमचम, झगमग, मिणमिण करतात. ज्याला लुकलुक आणि लखलख यांतला फरक कळतो, त्याला ‘ट्विंकल’ आणि ‘ग्लिटर’ यांतला फरक शिकवावा लागत नाही, फक्त दाखवावा लागतो. मराठी माध्यमाचं तुम्ही ओझ्यासारखं लिहिलंय. वर्णनाच्या बाबतीत तरी ते ओझं नाही. जिला घरात कुरकुरीत, खुसखुशीत, लुसलुशीत, रवाळ हे शब्द ऐकायला मिळाले, तिची जीभ आणि कान आधीच तयार आहेत.

जेवणाकडे वळू, कारण तुमच्या मजकुरात सगळ्यात जास्त नुकसान तिथं होतंय. ‘व्हेरी टेस्टी फूड’ हे पाहुण्यानं म्हणायचं असतं, आपण नाही. आपण काय केलं ते सांगायचं, आणि इथंही क्रियापदच कामाला येतं. ठेचा म्हणजे ‘ग्रीन चिलीज अँड गार्लिक, कोर्सली पाउंडेड’, म्हणजे भरड कुटलेला. भाकरी ‘पॅटेड बाय हँड’ आणि ‘पफ्ड ओव्हर द फायर’. भाजलेलं ते ‘रोस्टेड’, धुरावरचं ते ‘स्मोक्ड’, मंद आचेवर बराच वेळ शिजवलेलं ते ‘स्लो-कुक्ड’. जात्यावर दळलेलं पीठ असेल तर ‘स्टोन-ग्राउंड’, आणि खरंच जात्यावरचं असेल तरच. एकही स्तुतीचा शब्द न वापरता तोंडाला पाणी सुटतं.

पोताचे शब्दही इथंच लागतील. ‘क्रिस्प’ आणि ‘क्रंची’ यांत पुष्कळ जण गल्लत करतात. पापड ‘क्रिस्प’, पातळ आणि चटकन मोडणारा. शेंगदाणे, गाजर ‘क्रंची’, दातांखाली आवाज करणारे. खुसखुशीत करंजी ‘फ्लेकी’ किंवा ‘क्रम्बली’. आपला कंदी पेढा रवाळ, म्हणून ‘ग्रेनी’, आणि खवा तांबूस होईपर्यंत भाजलेला असतो म्हणून ‘कॅरमलाइज्ड’ चालेल. खमंगला मी अजून हार मानलेली आहे. भाजक्या शेंगदाण्याच्या जवळ जाणारं असेल तर ‘नटी’, टोस्टच्या जवळ जाणारं असेल तर ‘टोस्टी’, पण फोडणीचा खमंगपणा या दोन्हींत नाही. तिथं सरळ फोडणीच सांगावी: तडतडणारी मोहरी, ‘क्रॅकलिंग मस्टर्ड सीड्स’.

आता काही खड्डे, पटापट.

‘होमली’ हा शब्द तुमच्या मजकुरात दोनदा आहे. ब्रिटिश इंग्रजीत आणि आपल्याकडे त्याचा अर्थ घरगुती, साधं, आपलंसं. अमेरिकेत मात्र माणसाला ‘होमली’ म्हणणं म्हणजे तो दिसायला यथातथाच आहे असं म्हणणं. ‘होमली फूड’ एक वेळ खपेल, पण ‘होमली होस्ट’ लिहिलंत तर अमेरिकन पाहुणा तुमच्याकडे जरा निरखून बघेल. ‘होम-कुक्ड मील्स’ लिहा, प्रश्न मिटला.

‘व्हेरी’ सगळ्यांना लागत नाही. ‘ह्यूज’, ‘फ्रीझिंग’, ‘डिलिशस’, ‘एक्झॉस्टेड’ यांच्या पोटात ‘व्हेरी’ आधीच आहे. ‘व्हेरी फ्रीझिंग’ म्हणजे ‘खूप कडाक्याची कडाक्याची थंडी’. जोर द्यायचाच तर ‘अ‍ॅब्सोल्यूटली’.

वासाच्या बाबतीत जपा. ‘अरोमा’ स्वयंपाकाचा किंवा कॉफीचा, ‘फ्रॅग्रन्स’ फुलांचा, ‘ओडर’ बहुतेक नकोसा, ‘स्टेंच’ म्हणजे घाण, नाक धरायला लावणारी. एका मुलीनं ‘द स्टेंच ऑफ माय मदर्स कुकिंग’ लिहिलं होतं. पर्यायी शब्दांच्या यादीत ‘स्मेल’खाली तिला तो सापडला होता. अशा याद्यांचा मूळपुरुष पीटर रॉजे. त्याचा इंग्रजी शब्दसंग्रह १८५२ साली छापला गेला आणि आज संगणकात उजवं बटण दाबलं की जी यादी उघडते ती त्याच घराण्यातली. विसरलेला शब्द आठवायला ती उत्तम. नवा शब्द शिकायला ती घातक, कारण तिथं अरोमा आणि स्टेंच एकाच पंगतीला बसवलेले असतात. नवा शब्द नेहमी अशा कोशात बघा जिथं त्याच्याखाली दोन-तीन पूर्ण वाक्यं दिलेली असतात. शिकणाऱ्यांसाठीचे इंग्रजी-इंग्रजी कोश मोबाइलवर फुकट मिळतात.

आणि उलटी वाट हवी असेल, म्हणजे मराठी शब्द हाताशी आहे आणि इंग्रजी सापडत नाही, तर मोल्सवर्थ उघडा. कंपनी सरकारच्या फौजेतल्या या अधिकाऱ्यानं इथल्या शास्त्र्यांना हाताशी धरून मराठी-इंग्रजी कोश केला. पहिली आवृत्ती १८३१ची, सुधारलेली १८५७ची, आणि आता तो इंटरनेटवर शोधता येतो. आपले नादाचे शब्द त्यानं ज्या निगुतीनं उलगडलेत ते वाचताना आपलीच भाषा आपल्याला नव्यानं भेटते. त्याचं इंग्रजी मात्र पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं आहे. तिथून सुगावा घ्यायचा आणि शब्द आजच्या कोशात तपासूनच वापरायचा.

भारी शब्दांचा मोहही एकदा सांगून टाकतो. पहिल्या पावसानंतर मातीचा जो वास येतो त्याला इंग्रजीत ‘पेट्रिकोर’ म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोन शास्त्रज्ञांनी १९६४ साली ‘नेचर’मधल्या लेखात तो घडवला. ग्रीक ‘पेट्रा’ म्हणजे दगड आणि ‘इकोर’ म्हणजे देवांच्या नसांतून वाहणारा रस. शब्द सुंदर आहे, गोष्ट त्याहून सुंदर. तरी तुमच्या मजकुरात तो घालू नका. निम्म्या पाहुण्यांना तो कळणार नाही आणि उरलेल्यांना तो शाळेतल्या वक्तृत्वासारखा वाटेल. ‘द स्मेल ऑफ वेट अर्थ’ सगळ्यांना कळतो. ‘नेसल्ड इन द लॅप ऑफ नेचर’ आणि ‘पॅरडाइज’ यांनाही रजा द्या. पाचगणीपासून कोकणापर्यंत प्रत्येक फलकावर ते आहेत.

त्यापेक्षा गावचं नाव ठेवा. पठारावरच्या त्या निळ्या-जांभळ्या इवल्या फुलाला इंग्रजीत ‘ब्लॅडरवर्ट’ म्हणतात, कारण त्याला किडे पकडणाऱ्या बारीक पिशव्या असतात. आपण त्याला सीतेची आसवं म्हणतो. पाहुण्याला ‘सीताज टिअर्स’ सांगा, मग पिशव्यांचं सांगा. पिवळ्या कवल्याला दोन लाल ठिपके असतात म्हणून लोक त्याला मिकी माउस म्हणतात, तेही सांगा, मुलं खूश होतात.

आता रोज करायचं काय. इंग्रजीत सर्वाधिक येणारे २,००० शब्द साध्या मजकुराचा ८० टक्क्यांच्या आसपास भाग व्यापतात. ते तुम्हाला बहुतेक येतातच, म्हणून तुम्ही पाहुण्यांशी बोलू शकता. ‘ट्रज’, ‘ग्लिंट’, ‘ट्रिकल’ हे उरलेल्या भागात विखुरलेले. त्यांची गाठ आपोआप, वारंवार पडत नाही. पाठ करून ते टिकतही नाहीत. जर्मनीत एबिंगहाउस नावाच्या माणसानं अर्थ नसलेली अक्षरं स्वतः पाठ करून ती किती वेळात विसरतात हे मोजलं आणि १८८५ साली प्रसिद्ध केलं. सुरुवातीच्या काही तासांत आणि पहिल्या दिवसात सगळ्यात जास्त गळती होते, नंतर ती मंदावते. तुमच्या दहा शब्दांच्या यादीतही दुसरं काय होतं? अर्थ लिहिलेला होता, पण तुमच्या आयुष्यात त्याला जागा नव्हती.

म्हणून हे करा. सकाळी चहा घेऊन पडवीत दहा मिनिटं बसा. जे हलतंय, वाजतंय, चमकतंय ते मराठीत लिहा. मराठीतच. ‘वळचणीचं पाणी हंड्यात ठिबकतंय. कोंबडी खुराड्यातून डोकावतेय.’ त्यातली दोन क्रियापदं निवडा आणि फक्त त्यांचं इंग्रजी शोधा. ठिबकणं ‘ड्रिप’, डोकावणं ‘पीक’. ठिबकणं, पाझरणं, ओघळणं, झोडपणं, अशी आपल्याकडेही घट्ट क्रियापदं आहेत, त्यांना इंग्रजी जोडीदार लगेच सापडतो. म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करा. शब्द एकटा लिहू नका, तुमच्याच अंगणातलं पूर्ण वाक्य लिहा. दुसऱ्या दिवशी ते वाक्य न बघता म्हणा, मग आठवड्यानं, मग महिन्यानं. आणि त्या आठवड्यात एका तरी पाहुण्यासमोर तो शब्द तोंडातून गेला पाहिजे. चुकला तरी चालेल. आठवड्याला पाच शब्द पुष्कळ झाले.

वाचायचं काय, तर स्कॉटलंड, वेल्स किंवा इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या घरगुती मुक्कामांची माहिती आणि पाहुण्यांनी लिहिलेले अभिप्राय. तिथंही डोंगर, तळं, धुकं, पाऊस आणि ओल्या बुटांनी आत येणारी माणसं. तुमच्यासारखाच धंदा, तुमच्यासारखंच हवामान. पाच-सहा जागांची माहिती वाचलीत की एकच क्रियापद परत परत भेटेल. ते उचला. मनानं मराठीत भिजायचं असेल तर एखाद्या आडदिवशी भिलारला जा. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव झालंय, घराघरांत मराठी पुस्तकं बसून वाचता येतात. चांगलं मराठी वर्णन वाचल्यावर इंग्रजी कसं सुधारतं हे मला शास्त्रानं सांगता येणार नाही. माझ्या पोरांचं सुधारलं.

तुमच्या मजकुराची पहिली तीन वाक्यं अशी होती: ‘अवर होमस्टे इज व्हेरी ब्युटिफुल. व्ह्यू इज व्हेरी नाइस. अ‍ॅटमॉस्फिअर इज व्हेरी पीसफुल.’ ती काढून मी हे ठेवीन: ‘मिस्ट रोल्स अप फ्रॉम द व्हॅली अँड लिफ्ट्स बाय टेन. अॅट नाइट यू हिअर फ्रॉग्ज, अँड द रेन ड्रमिंग ऑन द रूफ.’ धुकं तुमच्याकडे दहाला हटतं का अकराला, ते मला ठाऊक नाही. तुम्हीच बघून तो आकडा दुरुस्त करा, आणि बेडूक ओरडत नसतील तर बेडूक काढून टाका.